सीग्रुप कंट्रोलरचे कॉलबॅक तपासताना: पॅच बाजूला ठेवा, आधी बोलावणारा कोड वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आमच्या टीमनं लिनक्स कर्नलमध्ये सीग्रुपसाठी (प्रोसेसचा गट, ज्याच्या वापरावर मर्यादा घालता येते) नवा कंट्रोलर (गटाचा वापर मोजणारा आणि अडवणारा कोड) लिहिला आहे. आमच्या अ‍ॅक्सिलरेटर कार्डावर मोजकेच हार्डवेअर स्लॉट आहेत, एकाच कंटेनरनं ते सगळे बळकावू नयेत म्हणून मर्यादा घालायची आहे. प्रत्येक प्रोसेसमागे एक स्लॉट धरलाय. कर्नल ठरावीक क्षणी आमची फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, बोलावतं: फोर्क (नवी प्रोसेस जन्मताना) कॉलबॅकमध्ये चार्ज म्हणजे नावे टाकणं, एक्झिटमध्ये (प्रोसेस संपताना) अनचार्ज म्हणजे वळतं करणं, आणि प्रोसेस दुसऱ्या सीग्रुपमध्ये हलवली तर कॅन_अटॅचमध्ये हिशेब इकडून तिकडे. कंपाइल स्वच्छ होतं, टेस्ट पास होतात. रिव्ह्यू माझ्याकडे आलाय. ड्रायव्हर लिहिलेत, पण सीग्रुप नवीन आहे. नेमकं काय बघू?

आधी तो पॅच मिटून ठेवा. खरंच सांगतोय. कॉलबॅक नुसता वाचला की बहुतेक वेळा बरोबरच वाटतो. दहा-पंधरा ओळींचं फंक्शन, त्यात एक लूप आणि एक अ‍ॅटॉमिक बेरीज, त्यात चुकणार काय? चूक असते ती त्याला कोण बोलावतं, कधी बोलावतं, आणि बोलावून झाल्यावर पुढं काय फिसकटू शकतं यात. म्हणून मी सुरुवात करतो ती कर्नल/सीग्रुप/सीग्रुप.सी आणि कर्नल/फोर्क.सी या दोन फायलींपासून. तुमच्या झाडातल्याच आवृत्तीच्या फायली वाचा. हे हुक आवृत्तीगणिक सरकत आलेत, आणि चार वर्षं जुन्या लेखावर विसंबून रिव्ह्यू केला तर तोंडघशी पडायला होतं.

या फायली वाचताना एकच प्रश्न डोक्यात ठेवायचा: एखाद्याच्या नावे टाकलेली रक्कम कोणत्या वाटेनं वळती होते? वाण्याच्या उधारीच्या वहीसारखंच आहे. माल गेला की नावे टाकणं सोपं. माल परत आला, अर्धाच परत आला, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या खात्यावर गेलं, दुकानच बंद झालं, अशा वेळी वही जुळते का ते बघायचं. रिव्ह्यूचा नव्वद टक्के वेळ या आडवाटांवर जायला हवा.

शिकायला सगळ्यांत चांगला धडा म्हणजे पिड्स कंट्रोलर. कर्नल/सीग्रुप/पिड्स.सी ही छोटी फाइल आहे. हा कंट्रोलर 2015 मध्ये 4.3 आवृत्तीत आला आणि सीग्रुपमध्ये किती टास्क (प्रोसेस किंवा थ्रेड) असू शकतात एवढंच मोजतो. एवढ्या साध्या मोजणीतही पुढच्या चार वर्षांत किती भोकं निघाली ते बघितलं की रिव्ह्यू कसा करायचा ते आपोआप कळतं.

त्यातलं पिड्स_ट्राय_चार्ज हे फंक्शन उघडा. लूप खालच्या सीग्रुपपासून सुरू होऊन आईबापांकडे वर चढतो. प्रत्येक पायरीवर आधी काउंटरमध्ये भर टाकतो, मग आलेली बेरीज मर्यादेशी ताडून बघतो. आधी तपासून मग भर टाकली असती, तर दोन सीपीयूंवर एकाच वेळी चाललेल्या दोन फोर्कना एकच मोकळी जागा दिसली असती आणि दोघेही आत शिरले असते. भर टाकून मग बघितलं, तर दोघांपैकी एकाला मर्यादेपेक्षा मोठा आकडा दिसणारच. तुमच्या पॅचमध्ये 'वाचा, तुलना करा, मग वाढवा' असा क्रम असेल, तर तिथंच थांबून टिप्पणी लिहा.

आता त्याच फंक्शनचा उलट रस्ता. मर्यादा ओलांडली की दुसरा लूप खालपासून त्या अडलेल्या पायरीपर्यंत परत सगळं वजा करतो, आणि लूप संपल्यावर अडलेल्या पायरीवरचंही वेगळं वजा करतो. ही शेवटची एक ओळ नवखा माणूस हमखास विसरतो, कारण मनात असतं की 'तिथं तर आपल्याला नकार मिळाला'. नकार मिळाला खरा, पण भर आधीच पडली होती. हे विसरलं तर दर नकाराला एक आकडा अडकून राहतो. आणि गंमत बघा, ही गळती मर्यादा गाठल्यावरच सुरू होते. म्हणजे सगळं सुरळीत चालतं तोवर टेस्टमध्ये काहीच दिसत नाही. फोर्क बॉम्ब (सतत फोर्क करत सुटलेला प्रोग्रॅम) आला की मर्यादा आपलं काम चोख करते, आणि बॉम्ब विझल्यावरही सीग्रुप भरलेलाच राहतो. माझ्या हातून एका आधीच्या नोकरीत, मुख्य कर्नलबाहेरच्या एका कंट्रोलरमध्ये, नेमकं हेच झालंय. सीग्रुप.प्रॉक्स फाइल रिकामी आणि चालू आकडा मात्र तीनशेच्या वर. त्या दिवसापासून रिव्ह्यूत परतीचा लूप मी बोट ठेवून, कागदावर तीन पायऱ्यांचं झाड काढून वाचतो.

फोर्ककडे येऊ. इथं चार कॉलबॅक कळीचे आहेत: कॅन_फोर्क (फोर्कआधी परवानगी), कॅन्सल_फोर्क (फोर्क फसला तर उलटवणं), फोर्क (पोर जन्मल्यावर) आणि रिलीज (टास्कची विल्हेवाट लागताना). कॅन_फोर्क नकार देऊ शकतो, फोर्क देऊ शकत नाही. त्याला परतीचं मूल्यच नाही. तुमचा पॅच फोर्कमध्ये चार्ज करतो असं तुम्ही लिहिलंय. मग मर्यादा भरली असेल तर तो काय करतो? पोर जन्माला आलेलं असतं, मागं फिरता येत नाही. मर्यादा लावायची जागा कॅन_फोर्क, आणि तिथं चार्ज केला की कॅन्सल_फोर्क लिहिणं ओघानं आलंच. कॉपी_प्रोसेस या फोर्क करणाऱ्या कर्नल फंक्शनमध्ये कॅन_फोर्क होऊन गेल्यावरही फोर्क फसू शकतो. सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे त्याच क्षणी आईबाप प्रोसेसला मारणारा सिग्नल येणं. हे दुर्मिळ नाही. कंटेनर बंद करताना शेकडो प्रोसेसना एकदम सिगकिल (मारून टाकणारा सिग्नल) जातो, तेव्हा अर्धवट फोर्क भरपूर सापडतात.

पुढचा नियम भिंतीवर लिहून ठेवावा असा: ज्या सबसिस्टिमनं (म्हणजे कंट्रोलरनं) होकार दिला होता, तिचाच कॅन्सल बोलावला जातो. जिनं स्वतः नकार दिला, तिचा नाही. अटॅचलाही (टास्क दुसऱ्या सीग्रुपमध्ये हलवणं) हेच लागू. म्हणजे तुमचा कॅन_अटॅच पाच टास्कच्या यादीतल्या तिसऱ्यावर अडला आणि त्यानं चूक परत केली, तर पहिल्या दोघांचा हिशेब त्यानं स्वतः आधी उलटवलेला असला पाहिजे. सीग्रुपचा मुख्य कोड येऊन निस्तरणार नाही.

कॅन_अटॅचबद्दल अजून थोडं, कारण तुमच्या पॅचमध्ये तो आहे आणि माझा अंदाज आहे की खरी घाण तिथंच असेल. पिड्समध्ये टास्क हलवताना मर्यादा बघितलीच जात नाही. नव्याच्या नावे टाकलं, जुन्याचं वळतं केलं, इतकंच. म्हणून पिड्समध्ये चालू आकडा मर्यादेपेक्षा मोठा दिसू शकतो आणि तो बग नाही, ठरवून तसं केलंय. तुमच्या लेखकानं इथं मर्यादा लावली असेल तर 'का?' असं विचारा. उत्तर असू शकतं, पण ते कमिटच्या मजकुरात असायला हवं.

आणि कॅन्सल_अटॅच, म्हणजे फसलेलं हलवणं उलटवणारा कॉलबॅक. लिनक्स/सीग्रुप_सबसिस.एच ही फाइल उघडून बघा, तिच्यात सबसिस्टिमची यादी आहे. कॉलबॅक त्याच क्रमानं बोलावले जातात. यादीत तुमच्या कंट्रोलरनंतर येणाऱ्या कुणाचा कॅन_अटॅच फसला तरच तुमच्या कॅन्सल_अटॅचला काम मिळतं. पिड्सनंतर आरडीएमए आणि मिस्क हे कंट्रोलर येतात, त्यांना कॅन_अटॅच नाहीच. म्हणजे नवा कंट्रोलर लेखकानं यादीच्या तळाशी जोडला असेल, आणि सगळे तिथंच जोडतात, तर त्याचा कॅन्सल_अटॅच एकाही टेस्टमध्ये कधी धावलेला नसतो. 'टेस्ट पास होतात' या वाक्याचा या फंक्शनपुरता काहीच अर्थ नाही. मी काय करतो? आपल्या मशीनवर यादीत सगळ्यांत शेवटी एक रडकी सबसिस्टिम टाकतो, जी दर तिसऱ्या वेळी कॅन_अटॅचमधून चूक परत करते. तीस-चाळीस ओळींचं काम आहे. मग एका शेल स्क्रिप्टनं एक टास्क दोन सीग्रुपमध्ये हजार वेळा इकडून तिकडे, आणि शेवटी दोन्हीकडचे आकडे.

हे फक्त नवख्यांचं दुखणं आहे असं समजू नका. 2023 मध्ये सीपीयूसेट कंट्रोलरमध्ये (टास्क कोणत्या सीपीयूंवर चालतील ते ठरवणारा) अशीच चूक दुरुस्त झाली. त्याचा कॅन_अटॅच 'अटॅच चालू आहे' असा एक काउंटर वाढवतो आणि तो शून्यावर यायची वाट बघत दुसरं कुणीतरी झोपलेलं असू शकतं. यशस्वी अटॅच शेवटी त्यांना उठवत होता. कॅन्सल_अटॅच काउंटर कमी करायचा, पण उठवायचा नाही. किती वर्षं तो कोड शेकडो डोळ्यांखालून गेला असेल. म्हणून अटॅच आणि कॅन्सल_अटॅच स्क्रीनवर शेजारी-शेजारी लावा आणि विचारा: अटॅच शेवटी जे जे आवरतो, ते ते कॅन्सलही आवरतो का?

दुसरी खाचखळग्याची जागा: हलणाऱ्या टास्कचं गंतव्य एकच आहे असं धरून चालणं. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत एखाद्या सीग्रुपच्या सबट्री_कंट्रोलमध्ये (पोटातल्या सीग्रुपसाठी कंट्रोलर चालू करायची फाइल) कंट्रोलर चालू केला की त्याच्या पोटातल्या 'अ' मधल्या प्रोसेस 'अ' च्या नव्या खात्यावर आणि 'ब' मधल्या 'ब' च्या खात्यावर एकाच झटक्यात जातात. 2015 च्या अखेरीपर्यंत कॅन_अटॅचला एकच गंतव्य हातात दिलं जायचं, आणि तेही चुकीचं, म्हणजे वरच्या सीग्रुपचं. परिणाम असा की पिड्सनं नावे टाकलं एकाच्या आणि पुढं वजा केलं दुसऱ्याच्या खात्यातून, काउंटर शून्याखाली गेला आणि कर्नल लॉगमध्ये वॉर्निंग पडायला लागल्या. त्यानंतर पद्धतीच बदलल्या: आता टास्कसेटवरचा (हलणाऱ्या टास्कची यादी) लूप प्रत्येक टास्कबरोबर त्याचं गंतव्य देतो. तुमच्या पॅचमध्ये लूपच्या बाहेर एकदाच काढून ठेवलेलं गंतव्य आत वापरलेलं दिसलं, तर तो हाच बग आहे, आठ-दहा वर्षांनी पुन्हा जन्मलेला.

ती वॉर्निंग कुठून आली तेही बघा. पिड्स_कॅन्सलमध्ये वजाबाकीचं उत्तर ऋण आलं तर एकदाच ओरडणारी एक वॉर्न_ऑन_वन्स आहे. ती ओळ नसती तर आकडे गुपचूप चुकत राहिले असते. तुमच्या कंट्रोलरमध्ये अशी ओळ नसेल तर मागा.

अनचार्ज कधी करायचा, यावर मात्र सावकाश बोलायला हवं, कारण तुमच्या पॅचचा मुख्य आजार तोच आहे असं मला वाटतं.

पिड्स अगदी सुरुवातीला एक्झिटमध्ये, आणि मग 2019 पर्यंत फ्री या कॉलबॅकमध्ये आकडा वजा करायचा. टास्कची स्मृती सोडताना फ्री बोलावला जायचा, वाचायला अगदी बरोबर वाटतं. 2019 मध्ये कर्नल डेव्हलपर ओलेग नेस्तेरोव्ह यांनी दाखवलं की हे फार उशिरा होतं. त्यांचा प्रयोग पर्लच्या एका ओळीचा होता: फोर्क करा, पोर संपायची वाट बघा, पुन्हा फोर्क करा. मर्यादा 2. एका वेळी आई आणि एकच पोर, म्हणजे हे अनंत काळ चालायला हवं. प्रत्यक्षात थोड्याच वेळात फोर्क ईअगेन ('पुन्हा प्रयत्न करा' ही चूक) देऊन फसायचा. कारण पोर गेलं, आईनं वेटमधून त्याची विल्हेवाट लावली, पीआयडीसुद्धा (प्रोसेसचा क्रमांक) मोकळा झाला, पण टास्कची रचना आरसीयूचा (जुने वाचक संपेपर्यंत थांबायची कर्नलची पद्धत) कालावधी उलटल्यावरच सुटते. तोवर पिड्सच्या वहीत मेलेलं पोर जिवंतच. म्हणून फ्री काढून रिलीज आला, जो टास्कची विल्हेवाट लागतानाच बोलावला जातो.

मग एक्झिट का नाही? कारण एक्झिट त्याही आधी होतो. प्रोसेस झोंबी (संपलेली, पण आईनं अजून विल्हेवाट न लावलेली) होऊन बसली तरी तिचा पीआयडी अडकलेलाच असतो, आणि पिड्स मोजतो ते पीआयडीच. एक्झिटमध्ये वळतं केलं तर झोंबींचा ढीग लावून मर्यादा चुकवता येईल. फ्री उशिराचा, एक्झिट लवकरचा, रिलीज नेमका. पण नेमका तो पिड्ससाठी. तुमच्यासाठी नेमका क्षण कोणता हे तुमची वस्तू प्रत्यक्षात कधी मोकळी होते त्यावर ठरणार.

आणि तुमची वस्तू प्रोसेस नाहीच. ती कार्डावरचा स्लॉट आहे. स्लॉट मिळतो डिव्हाइस फाइल उघडल्यावर, सुटतो त्या फाइलचा शेवटचा धारक गेल्यावर. ड्रायव्हर लिहिलेत म्हणता, म्हणजे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आता विचार करा: प्रोसेसनं कार्ड उघडलं, फोर्क केला, आणि स्वतः मेली. पोराकडे तोच फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) आहे. तुमच्या वहीत पोराच्या नावे अजून एक स्लॉट पडला, जो कार्डावर घेतलेलाच नाही; मग आईच्या एक्झिटला एक सुटला, जो कार्डावर सुटलेलाच नाही. योगायोगानं बेरीज जुळते. आता युनिक्स सॉकेटवरून तो डिस्क्रिप्टर दुसऱ्या कंटेनरमधल्या प्रोसेसला पाठवा. मूळ प्रोसेस संपली, तिच्या सीग्रुपचा आकडा उतरला, स्लॉट मात्र अजून व्यापलेला आणि कुणाच्याच नावे नाही. मर्यादा चुकवायला हा राजमार्ग आहे, आणि त्यासाठी हल्लेखोर हुशार असायचीही गरज नाही.

अशा वस्तूंसाठी कर्नलमध्ये वेगळी, रुळलेली पद्धत आहे: ज्याच्या नावे टाकलं त्या सीग्रुपचा पॉइंटर त्या वस्तूबरोबरच जपून ठेवायचा, आणि वस्तू सुटेल तेव्हा त्याच पॉइंटरवर वळतं करायचं. मध्ये प्रोसेस कुठंही हलो. मेमरी कंट्रोलर पानांच्या बाबतीत हेच धोरण ठेवतो. पान ज्याच्या नावे पडलं त्याच्याच नावे सुटेपर्यंत राहतं. 4.11 मध्ये आलेला आरडीएमए कंट्रोलरही तसाच. या पद्धतीत फोर्क, एक्झिट, कॅन_अटॅच, कॅन्सल_अटॅच यांपैकी एकाही कॉलबॅकची गरज उरत नाही. जो कोडच नाही त्याचा रिव्ह्यूही नाही.

उरलेलं भराभर. प्रत्येक सीग्रुपमागे कंट्रोलरची जी रचना असते ती म्हणजे सीएसएस. ती सुरू करणारा सीएसएस_ऑनलाइन फसला तर सीएसएस_ऑफलाइन बोलावला जात नाही, थेट सीएसएस_फ्रीवर जातं. म्हणून ऑनलाइनमध्ये अर्धवट झालेलं ऑनलाइननंच उलटवायचं. ऑफलाइन म्हणजे मरण नव्हे. डिरेक्टरी काढून टाकली तरी संदर्भ शिल्लक असेपर्यंत ती रचना जिवंत राहते, आणि त्या काळातही तिच्यावर अनचार्ज येणार. ऑफलाइनमध्ये काउंटर शून्य करून टाकणारा पॅच मी दोनदा परत पाठवलाय. सीग्रुप.स्टॅट फाइलमध्ये मरू घातलेल्या वंशजांचा आकडा असतो, टेस्ट संपल्यावर तो खाली येतो का बघा. येत नसेल तर कुठंतरी संदर्भ सोडायचा राहिलाय.

मर्यादेच्या फाइलमध्ये लिहिणारं फंक्शन: ऋण आकडा, अवाढव्य आकडा, 'मॅक्स' हा शब्द, चालू वापरापेक्षा कमी मर्यादा, हे चार प्रकार. शेवटच्या प्रकारात कुणालाही मारायचं नसतं, फक्त नव्यांना नकार. आणि लॉक न घेता वाचली जाणारी मर्यादा साध्या पूर्णांकात असेल तर टोका. पिड्समध्येही ती आधी साधीच होती, 2019 मध्ये अ‍ॅटॉमिक केली.

मशीनवर चालवताना लॉकडेप (लॉकच्या क्रमातल्या चुका पकडणारा), कासान (स्मृतीचा चुकीचा वापर पकडणारा) आणि अ‍ॅटॉमिक स्थितीत झोपणं पकडणारा पर्याय, तिन्ही चालू ठेवा. स्मृतीवाटप मुद्दाम फसवणारं फेलस्लॅबही. आणि क्लोन3 या प्रोसेस जन्माला घालणाऱ्या सिस्टिम कॉलमधला थेट दुसऱ्या सीग्रुपमध्ये पोर जन्माला घालणारा झेंडा विसरू नका. तो 5.7 मध्ये आला, आणि त्यामुळं 'पोर आईच्याच सीग्रुपमध्ये असणार' हे गृहीतक मोडलं. म्हणून आता कॅन_फोर्कला पोराचा सीएसएस_सेट (त्याच्या सगळ्या सीएसएसचा संच) वेगळा दिला जातो. सीपीयूसेटचा फोर्क कॉलबॅक या झेंड्यासाठी नीट व्हायला 2023 उजाडलं. कॅन_फोर्कमध्ये करंटवरून (फोर्क करणारी चालू प्रोसेस) सीग्रुप काढलेला दिसला तर तो पॅच थांबवा.

तुमच्या जागी मी असतो तर मात्र ओळीओळीवर टिप्पण्या लिहायला बसलो नसतो. एकच टिप्पणी लिहिली असती, पॅचच्या माथ्यावर: 'नवा कंट्रोलर कशाला? 5.13 पासून मिस्क कंट्रोलर आहे, तो अशाच मोजक्या हार्डवेअर वस्तूंसाठी केलाय. एएमडीच्या सुरक्षित व्हर्च्युअल मशीनचे एएसआयडी (मोजकेच असणारे ओळख-क्रमांक) तो मोजतो. त्यात आपल्या स्लॉटचा एक प्रकार जोडा, ड्रायव्हरच्या ओपनमध्ये चार्ज करा, मिळालेला सीग्रुप फाइलच्या खासगी रचनेत ठेवा, आणि फाइलच्या रिलीजमध्ये त्याच्यावर अनचार्ज करा.' लेखकाला थोडं लागेल, चारशे ओळी वाया गेल्या म्हणून. चहा पाजा आणि डिस्क्रिप्टर सॉकेटवरून पाठवायचा प्रयोग त्याच्यासमोर करून दाखवा.